एक कॅपॅसिटर, एक स्विच : जुन्या ॲनालॉग सिंथचा एलएफओ मंद करताना

सिंथ (सिंथेसायझर) उघडायच्या आधी स्वयंपाकघरातून इडलीपात्राची एक थाळी आणा. विचारून आणा. जुन्या सिंथच्या तळाला बरेच स्क्रू असतात. त्यांतले काही लांब, काही आखूड असतात, आणि लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या भोकात पिळला की वरचं प्लास्टिक तडकतं. म्हणून एकेका खळग्यात एकेका जागेचे स्क्रू ठेवायचे आणि थाळी सिंथ ज्या दिशेने ठेवलाय त्याच दिशेने ठेवायची. वर मोबाइलने फोटो काढायचा. हे सगळं सोल्डरिंग आयर्न गरम करण्याच्या खूप आधी.

हा लेख एकाच बदलाबद्दल आहे. जुन्या ॲनालॉग सिंथमधला एलएफओ, म्हणजे मॉड्युलेशन करणारा मंद ऑसिलेटर (एकसारखी लहर काढणारं सर्किट), आणखी मंद करायचा. त्यासाठी एक कॅपॅसिटर, एक स्विच आणि दोन तारा लागतात. बोर्डवरचा ट्रॅक, म्हणजे तांब्याची रेघ, कापायचा नाही, मूळचा एकही पार्ट काढायचा नाही, आणि उद्या नको वाटलं तर दोन तारा काढल्या की सिंथ होता तसा. पहिल्यांदा हात घालणाऱ्याने यापेक्षा मोठं काही करू नये असं माझं ठाम मत आहे. मोठे बदल करून बिघडवलेले सिंथ मी पाहिलेत. त्यातला एक माझाच होता.

माझ्यासमोर उदाहरणाला रोलँडचा एसएच-१०१ आहे. १९८२ साली आलेला, ३२ पट्ट्यांचा, प्लास्टिकच्या अंगाचा मोनो सिंथ. एका वेळी एकच स्वर. तुमच्याकडे दुसरा कुठला असेल तरी तत्त्व तेच राहतं, फक्त पार्टचा नंबर आणि जागा बदलते.

मॉड्युलेशन म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण ते डोक्यात बसलं नाही तर पुढचं सगळं नुसतं जोडकाम होईल. तुम्ही पट्टी दाबून धरली आहे आणि शेजारी बसलेला कुणीतरी फिल्टरचा (आवाज उजळ किंवा दबका करणाऱ्या भागाचा) स्लायडर एकाच लयीत वरखाली करतोय, जसं एखादं पोर पंख्याच्या रेग्युलेटरशी खेळत बसतं. तो शेजारचा माणूस म्हणजे एलएफओ. त्याने स्वराची उंची हलवली तर कंप येतो, फिल्टर हलवला तर आवाज उघडझाप करतो, पल्सची रुंदी हलवली तर एकाच ऑसिलेटरमधून दोन वाजल्याचा भास होतो. म्हणजे तीन गोष्टी आल्या: हलवणारा, त्याचा हात किती लांब पोचतो ते ठरवणारा स्लायडर, आणि जे हलतं ते. आपण फक्त पहिल्याला हात लावणार आहोत.

एसएच-१०१चा एलएफओ ०.१ ते ३० हर्ट्झ चालतो. सर्वांत मंद म्हणजे दहा सेकंदांत एक फेरी. डान्सच्या संगीताला ती पुरते. पण मला तानपुऱ्यासारखा एक षड्ज धरून ठेवायचा असतो आणि त्याचा रंग इतक्या सावकाश बदलायला हवा असतो की ऐकणाऱ्याला बदल कळू नये, फक्त थोड्या वेळाने आपण दुसरीकडे आलोय हे कळावं. त्याला दहा सेकंद म्हणजे घाई. मला पन्नास सेकंद हवे होते.

आधी ब्रेडबोर्डवर

चाळीस वर्षांच्या यंत्रावर शिकू नका. तोच एलएफओ ब्रेडबोर्डवर, म्हणजे डाख न देता पार्ट खोचता येतात अशा भोकांच्या पट्टीवर, बांधा, एका संध्याकाळचं काम आहे. सामान: एक टीएल०७२ आयसी, दोन ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटऱ्या, रेझिस्टर १ मेगाओहम, १०० के, ४७ के आणि १ के, एक लाल एलईडी, आणि ०.१ व ०.४७ मायक्रोफॅरडचे पॉलिएस्टर कॅपॅसिटर.

हे सगळं लॅमिंग्टन रोडला मिळतं. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरायचं आणि चालत जायचं. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं, पण त्या नावाने विचारलंत तर पत्ता सांगणारा क्षणभर विचारात पडेल. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. काउंटरवर मायक्रोफॅरड वगैरे बोलण्याऐवजी कॅपॅसिटरवर छापलेला आकडा सांगा. ०.१ म्हणजे १०४, ०.२२ म्हणजे २२४, ०.४७ म्हणजे ४७४. पहिले दोन आकडे तसेच, तिसऱ्या आकड्याएवढी शून्यं पुढे, उत्तर पिकोफॅरडमध्ये. आणि पॉलिएस्टरला ‘मायलर’ म्हणून मागा. “मायलर नहीं है, इलेक्ट्रोलिटिक चलेगा?” असं कुणी विचारलं तर नाही चालणार. का ते पुढे येतं, त्यात माझी फजिती आहे.

आता जोडणी. एका बॅटरीचा प्लस आणि दुसरीचा मायनस एकत्र जोडा, तो बिंदू म्हणजे आपला ग्राउंड. उरलेला प्लस आयसीच्या ८ नंबर पायाला, उरलेला मायनस ४ नंबरला. पाय ३ आणि ६ ग्राउंडला. पाय ७ पासून पाय २ पर्यंत १ मेगाओहम. पाय १ आणि २ यांच्यामध्ये ०.१चा कॅपॅसिटर. पाय १ पासून ५ पर्यंत ४७ के, पाय ७ पासून ५ पर्यंत १०० के. पाय १ पासून १ के आणि त्यापुढे एलईडी ग्राउंडला, एलईडीचा आखूड पाय ग्राउंडच्या बाजूला.

एलईडी सेकंदाला साधारण पाच वेळा लुकलुकायला हवा. नाही लुकलुकला तर दहापैकी नऊ वेळा ग्राउंडची तार राहिलेली असते.

आत काय चाललंय ते बघा. आयसीमध्ये दोन ऑपअँप (प्लस आणि मायनस अशी दोन इनपुट असलेले ॲम्प्लिफायर) आहेत. दुसरा फक्त दोनच गोष्टी बोलतो, ‘वर’ किंवा ‘खाली’. पहिला ते ऐकून १ मेगाओहममधून येणारा ठरावीक करंट कॅपॅसिटरमध्ये ओततो. ठरावीक करंट असल्यामुळे व्होल्टेज सरळ रेषेत चढतं, नळाखाली ठेवलेल्या बादलीतल्या पाण्यासारखं. ठरलेल्या उंचीला पोचलं की दुसरा ऑपअँप पालटतो, ‘खाली’ म्हणतो आणि बादली त्याच वेगाने रिकामी व्हायला लागते. पाय १ वर त्रिकोणी लहर मिळते, पाय ७ वर चौकोनी. सिंथवर वेव्हफॉर्मच्या स्विचजवळ जी दोन चित्रं असतात ती हीच.

बादली मोठी केली की भरायला वेळ जास्त लागतो. हे या लेखाचं सगळं शास्त्र. आकडे मांडून बघू: करंट १० मायक्रोअँपिअर, कॅपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरड असेल तर व्होल्टेज सेकंदाला १०० व्होल्टच्या वेगाने चढतं. लहर -५ पासून +५ पर्यंत जात असेल तर १० व्होल्ट चढायला ०.१ सेकंद, उतरायला तेवढाच. एक फेरी ०.२ सेकंद, म्हणजे ५ हर्ट्झ. कॅपॅसिटर दहापट केला तर ०.५ हर्ट्झ.

आता ब्रेडबोर्डवर ०.१च्या जोडीला, त्याच दोन भोकांमध्ये, ०.४७ खोचा. समांतर जोडलेल्या कॅपॅसिटरची बेरीज होते, म्हणजे ०.५७ झाले. एलईडी सेकंदाला एकापेक्षा किंचित कमी वेळा लुकलुकायला लागेल. मूळचा ०.१ जागचा हलला नाही आणि काम झालं. सिंथमध्ये आपण नेमकं हेच करणार आहोत. मूळच्या चौपट कॅपॅसिटर समांतर जोडला की एकूण पाचपट होतो, आणि दहा सेकंदांची फेरी पन्नास सेकंदांची होते.

विजेबद्दल

एसएच-१०१ बाहेरच्या अडॅप्टरवर किंवा बॅटरीवर चालतो, म्हणजे त्याच्या पोटात २३० व्होल्ट येत नाहीत. नवशिक्यासाठी तो बरा असण्याचं हे मोठं कारण. ज्या सिंथला भिंतीतून सरळ वायर जाते, ज्याच्या आत ट्रान्सफॉर्मर आहे, तो पहिल्या कामाला घेऊ नका. प्लग काढल्यावरही त्याच्या पॉवर सप्लायचे कॅपॅसिटर भरलेले राहतात.

मुंबईत जपानहून आणलेले सिंथ फिरतात आणि ते १०० व्होल्टचे असतात. चोरबाजारात किंवा ओळखीतून असा सिंथ मिळाला तर मागच्या पट्टीवर छापलेलं व्होल्टेज वाचल्याशिवाय प्लग लावू नका. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागेल. अडॅप्टरवर चालणाऱ्याच्या बाबतीत मधल्या पिनची बाजू बघा. जुन्या रोलँडना मधली पिन मायनस असते आणि आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारा अडॅप्टर बहुधा मध्ये प्लसवाला असतो. जॅकजवळचं चिन्ह आणि अडॅप्टरवरचं चिन्ह जुळलं पाहिजे. मल्टिमीटर लावून खात्री करा, चिन्हावर विसंबू नका.

जुन्या चाळीत राहत असाल तर आणखी एक. तीन पिनचा प्लग असला तरी भिंतीतल्या तिसऱ्या भोकामागे अर्थिंगची वायर असेलच असं नाही. इलेक्ट्रिशियनला बोलावून तपासून घ्या. सोल्डरिंग आयर्नचं टोक अर्थ झालेलं नसेल तर आयसीला झटका बसू शकतो. आमच्याकडे ते होईपर्यंत मी एक पळवाट काढायचो: आयर्न गरम करायचं, प्लग काढायचा, चटकन डाख द्यायचा, पुन्हा प्लग लावायचा. वेळखाऊ आहे, पण सुरक्षित.

उघडण्याआधी सिंथ ऐका

स्लायडर सगळे फिरवून बघा. खरखर येत असेल तर ती आत्ताच लिहून ठेवा, नाहीतर काम झाल्यावर ‘ही मी केली का?’ म्हणून रात्र जाईल. एलएफओ सर्वांत मंद आणि सर्वांत जलद करून मिनिटभर रेकॉर्ड करा. मंद टोकाला घड्याळ लावून एक फेरी किती सेकंदांची आहे ते मोजा आणि कागदावर लिहा. बदल नीट झाला का, हे पुढे याच आकड्यावरून ठरेल.

मग सिंथ उघडा, फोटो काढा, आणि त्या सिंथच्या सर्व्हिस नोट्स समोर ठेवा. सर्व्हिस नोट्स म्हणजे दुरुस्ती करणाऱ्यांसाठी कंपनीने छापलेली पुस्तिका. तिच्यात सर्किटचं चित्र आणि बोर्डवर कुठला पार्ट कुठे आहे त्याचा नकाशा, दोन्ही असतात. त्याशिवाय हात घालायचा नाही. चित्र अंधुक असेल तर झेरॉक्सवाल्याकडून ए-३ वर मोठं करून घ्या आणि एलएफओचा भाग स्केचपेनने रंगवा.

त्या भागात ब्रेडबोर्डवरची आकृती शोधायची आहे: एक ऑपअँप, त्याच्या आउटपुटपासून मायनस इनपुटपर्यंत गेलेला कॅपॅसिटर, आणि आउटपुट पुढे दुसऱ्या ऑपअँपला जाऊन वळून परत आलेलं. ऑपअँपला चिकटलेले छोटे, काही पिकोफॅरडचे कॅपॅसिटर वेगळ्या कामाचे असतात, त्यांच्याकडे बघू नका.

चित्रावर सापडला की बोर्डवर खात्री करा. सिंथ चालू, एलएफओ सर्वांत मंद, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर. काळं टोक ग्राउंडला, लाल टोक त्या ऑपअँपच्या आउटपुटच्या पायाला. आकडा हळूहळू चढेल, थांबेल, उतरेल, शून्याखाली जाईल, पुन्हा चढेल. मघाशी मोजलेल्या सेकंदांशी जुळतोय का बघा. पहिल्यांदा हे बघताना मला फार आनंद झाला होता. कानाने ओळखीची झालेली लहर आकड्यांत श्वास घेत होती. टोक घसरून शेजारच्या पायाला लागू देऊ नका. दोन पाय जोडले गेले तर आयसी जाईल. मी टोकाला हीट श्रिंक ट्यूब चढवून फक्त दोन मिलिमीटर धातू उघडा ठेवतो.

पॉवर सप्लायचे व्होल्टही याच वेळी मोजा आणि सर्व्हिस नोट्समध्ये दिलेल्या आकड्याशी ताडून बघा. १५च्या जागी १३ दिसले तर मॉड्युलेशन विसरा, आधी सप्लाय दुरुस्त करून घ्या.

डाख देण्याआधी चाचणी

सिंथ बंद करा. त्या कॅपॅसिटरच्या दोन पायांना बारीक हुकवाल्या टेस्ट क्लिप लावा. मगरतोंडी क्लिप लावू नका, ती शेजारच्याला शिवते. क्लिपच्या दुसऱ्या टोकांना तुमचा नवा कॅपॅसिटर जोडा. सिंथ चालू करा आणि ऐका.

मंद झाला? फेरी मोजा. पाचपट हवी होती आणि तिप्पट आली तर कॅपॅसिटरची किंमत बदलून बघा, अजून काहीच पक्कं झालेलं नाही. काहीच फरक पडला नाही तर कॅपॅसिटर चुकीचा शोधलाय. स्वर किंवा फिल्टर विचित्र वागला तर ताबडतोब बंद करा आणि नकाशाकडे परत जा. या टप्प्यावर एक-दोन दिवस रेंगाळलात तरी चालेल. त्या गतीवर खरोखर वाजवून बघा. मला आधी दहापट मंद हवा होता. वाजवल्यावर कळलं की शंभर सेकंदांत फिल्टर एकदा उघडणार असेल तर मला तेवढा धीर नाही.

आता ती फजिती. पहिल्यांदा हे केलं तेव्हा रविवार होता, दुकानं बंद, आणि घरातल्या डब्यात ०.४७ मायलर नव्हता. १ मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक होता, तोच लावला. मंद झाला की! पण लहर एका बाजूला कलंडली. चढायला वेळ, उतरायला घाई. मी तासभर स्लायडर साफ करत बसलो. कारण साधं होतं. या जागी कॅपॅसिटरवरचं व्होल्टेज दोन्ही बाजूंना जातं, कधी प्लस कधी मायनस, आणि इलेक्ट्रोलिटिकला एकच बाजू चालते. उलट्या बाजूला तो गळतो, आणि सिंथमधली बादली गळकी झाली की भरण्या-रिकामं होण्याचा हिशेब चुकतो. सिरॅमिक डिस्कही नको, त्यातल्या बऱ्याच प्रकारांची किंमत व्होल्टेजबरोबर बदलते आणि त्रिकोणाच्या बाजू वाकड्या होतात. पॉलिएस्टर किंवा दुसरा कुठलाही फिल्म कॅपॅसिटर लावा.

डाख

लागणारा स्विच साधा टॉगल, दोन पायांचा. कॅपॅसिटरचा एक पाय स्विचच्या एका पायावरच डाखायचा. दुसऱ्या पायापासून एक तार आणि स्विचच्या उरलेल्या पायापासून दुसरी तार बोर्डवर मूळ कॅपॅसिटरच्या दोन पायांना, बोर्डच्या खालच्या बाजूने. स्विच उघडा (दोन पाय सुटे) ठेवला की सिंथ मूळचा, बंद केला (दोन पाय जोडले) की मंद. स्विच कधी खराब झालाच तर बहुधा उघडा राहील, म्हणजे सिंथ मूळ स्थितीत चालत राहील.

मायनस इनपुटकडे जाणारी तार फार नाजूक जागेला जोडलेली असते. ती लांब असली तर अँटेनासारखी घरातला ५० हर्ट्झचा हम ओढते आणि स्वरात बारीक थरथर येते. म्हणून तारा शक्य तेवढ्या आखूड, एकमेकींना पीळ घातलेल्या. वीतभरापेक्षा लांब न्यायच्या असतील तर शील्डवाली केबल घ्या आणि शील्ड एकाच टोकाला ग्राउंड करा.

स्विच कुठे बसवायचा? पॅनेलला भोक पाडू नका, असं मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो. भोक परत भरत नाही. तुम्ही सिंथ कायम अडॅप्टरवर चालवत असाल तर बॅटरीचा कप्पा रिकामाच आहे. बॅटरीच्या तारा जिथून जातात तिथूनच आपल्या तारा न्या आणि स्विच कप्प्यात दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने बसवा. प्रत्येक वेळी सिंथ उलटा करावा लागतो हे खरं आहे. मी ते सहन करतो.

२५ वॉटचं आयर्न पुरतं. तापमान ठरवता येत असेल तर ३२० ते ३५० अंश. त्या काळच्या बोर्डांवर तांब्याचे पॅड अशक्त असतात आणि उष्णतेने सुटून येतात. टोक लावल्यापासून तीन सेकंदांत उचला. नाही जमलं तर थंड होऊ द्या आणि पुन्हा करा, घासत बसू नका. तारेच्या टोकाला आधी सोल्डर चढवून घेतलं की पॅडवर फक्त टेकवून काम होतं. मूळ कॅपॅसिटरचा डाख उकरायचा नाही, त्याच्यावरच नवी तार बसवायची. तार बारीक घ्या, जाड तार कडक असते आणि हलली की पॅड उपटते. डाखानंतर तार बोर्डला हॉट ग्लूच्या थेंबाने अडकवा. खिडकी उघडी ठेवा आणि हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावू नका, सोल्डरमध्ये शिसं असतं.

पावसाळ्यातली गंमत

हे मी कुठे वाचलं नव्हतं, एका जुलैमध्ये गिरगावात बसून शिकलो. उन्हाळ्यात उत्तम चालणारा मंद एलएफओ पावसात अडखळायला लागला. कधी वरच्या टोकाला जाऊन बसायचा, कधी एक बाजू दुप्पट लांब व्हायची. स्विच उघडला की व्यवस्थित.

हिशेब केल्यावर उलगडलं. ०.५ मायक्रोफॅरड, पन्नास सेकंदांची फेरी, १० व्होल्टची लहर असेल तर कॅपॅसिटरमध्ये ओतला जाणारा करंट फक्त ०.२ मायक्रोअँपिअर असतो. आणि डाखाभोवती सांडलेला फ्लक्स (सोल्डरमधला राळेसारखा पदार्थ) मी तसाच ठेवला होता. दमट हवेत तो ओलावा धरतो आणि शेजारच्या ट्रॅकशी चोरवाट तयार होते. ती वाट १०० मेगाओहमची जरी असली तरी १० व्होल्टला तिच्यातून ०.१ मायक्रोअँपिअर जातो. म्हणजे खऱ्या करंटच्या निम्मा! जलद गतीला हे जाणवतही नाही, कारण तिथे करंट कितीतरी मोठा असतो.

उपाय पाच मिनिटांचा आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घ्या. डाखाभोवतीचा पिवळट थर पूर्ण जाईपर्यंत घासा, टिश्यूने टिपा, सिंथ चालू करण्याआधी अर्धा तास पंख्याखाली सुकू द्या. हात लावायचा तर कॅपॅसिटरच्या पायांजवळ नाही, घामाचंही तेच होतं. तेव्हापासून केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो आणि महिन्याला बदलतो.

काय बदललं ते वाजवून समजून घ्या

एसएच-१०१मध्ये अर्पेजिओ (दाबलेले स्वर एकेक करून वाजवणारा) आणि सिक्वेन्सरही (साठवलेली स्वरांची ओळ वाजवणारा) याच एलएफओच्या ठेक्यावर चालतात. स्विच टाकला की तेही पाचपट मंद होतात. कार्यक्रमात हे विसरलात तर पंचाईत होईल. दुसरीकडे, दर काही सेकंदांनी एकच स्वर पुढे सरकणारा अर्पेजिओ मला इतका आवडला की आता मुद्दाम वापरतो. रँडम वेव्हफॉर्मही मंद होते, फिल्टर बराच वेळ एका जागी राहून अचानक दुसरीकडे उडी मारतो.

स्विच टाकताना एकदा ‘टप्प’ होईल. नव्या कॅपॅसिटरमध्ये मागच्या वेळचा चार्ज असतो, जुन्यात आत्ताचा, आणि दोघांची वाटणी होते. बिघाड नाही. स्वर वाजत असताना टाकू नका एवढंच.

गाणाऱ्यांसाठी एक सूचना. गळ्यातला पाश्चात्त्य पद्धतीचा कंप साधारण सेकंदाला पाच ते सात वेळा असतो आणि सिंथ विकत घेणारा प्रत्येकजण पहिल्यांदा तोच लावतो. दरबारीतल्या गंधाराचं आंदोलन त्याहून कितीतरी संथ असतं आणि एकसारखं नसतं. मंद एलएफओने ते ‘मिळतं’ असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका, त्रिकोणी लहर घड्याळासारखी चालते. पण मॉड्युलेशनची खोली अगदी कमी ठेवून, मंद स्विच टाकून गतीचा स्लायडर एका हाताने सतत सरकवत राहिलात, तर यंत्राला थोडा गळा येतो.

एवढं जमलं तर पुढचं

एलएफओ जलद करायचा असेल तर कॅपॅसिटर लहान करावा लागतो, म्हणजे दुसरा कॅपॅसिटर सीरिजमध्ये (एकामागे एक) आणि त्यासाठी मूळच्याचा एक पाय उचलावा लागतो. ०.१ला ०.०१ सीरिजमध्ये जोडला तर एकूण सुमारे ०.००९ होतात, गती अकरापट, ३० हर्ट्झची ३३०. तेव्हा कंप हा कंप राहत नाही, फिल्टरमधून घंटेसारखा, पत्र्यासारखा आवाज येतो. इथे स्विच लहान कॅपॅसिटरला शॉर्ट करेल असा लावा, म्हणजे बंद असताना मूळ सर्किट मिळतं. घाई करू नका. पाय उचलताना पॅड जातात.

त्यापेक्षा उपयोगी काम म्हणजे एलएफओ बाहेर काढणं. एसएच-१०१ला त्याचा आउटपुट जॅक नाही. त्रिकोणी लहर सरळ जॅकला जोडायचा मोह होतो, पण केबल खोचताना प्लगचं टोक क्षणभर ग्राउंडला शिवतं आणि तेवढा वेळ आतला एलएफओ कोलमडतो. मध्ये टीएल०७२चा एक भाग, म्हणजे एक ऑपअँप, टाका: लहर प्लस इनपुटला, आउटपुट मायनस इनपुटला जोडलेलं, आणि जॅककडे जाताना १ के रेझिस्टर. वापरात नसलेल्या दुसऱ्या भागाचं आउटपुट त्याच्याच मायनसला आणि प्लस ग्राउंडला बांधा, मोकळं सोडलं तर ते आपल्या मनाने ओरडत बसतं. आयसीला प्लस आणि मायनस दोन्ही सप्लाय हवेत, प्रत्येकापासून ग्राउंडला ०.१चा कॅपॅसिटर, आयसीच्या पायांना चिकटून. सगळं मिळून साधारण ३ मिलिअँपिअर ओढेल, सप्लायला ते जाणवत नाही.

झाकण लावण्याआधी एक कागद घ्या. काय जोडलं, कुठल्या पार्टला, किती किमतीचा कॅपॅसिटर, तारीख, आणि ‘दोन तारा काढल्या की मूळचं’ एवढं लिहून झाकणाच्या आत चिकटवा. दहा वर्षांनी हा सिंथ दुसऱ्या कुणाच्या टेबलावर उघडा पडलेला असेल आणि तो माणूस सर्व्हिस नोट्समध्ये नसलेल्या या कॅपॅसिटरकडे बघत डोकं खाजवत बसेल. त्या कागदाच्या शेजारी मी सिलिका जेलची पुडी ठेवतो. मग इडलीपात्र जवळ ओढायचं आणि स्क्रू हाताने, प्रत्येक भोकात जुने आटे सापडेपर्यंत आधी उलटे फिरवून, मग सुलटे पिळायचे.